आमची इशारा पातळी: तिसरी पायरी

शिवाजी पेठेत आमचं जुनं घर आहे आणि त्या घराला तळघर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. गुप्तधन सापडलं का? आणि भुयार कुठं निघतंय, पन्हाळ्याला? तर दोन्ही नाही. आजोबांनी ते तळघर शेणी, जळण आणि बटाटे ठेवायला वापरलं. आण्णांनी जे लागतही नाही आणि टाकवतही नाही ते ठेवायला वापरलं. आणि मी त्यात सोफा टाकून बसायचं ठरवलं. तीन पिढ्यांत अक्कल कुठनं कुठं गेली ते ह्यावरनं कळावं.

झालं असं की मे महिन्यात भर दुपारी बायकोनं लोणच्यासाठी मोठी बरणी आणायला मला खाली पाठवलं. वर पंखा नुसती गरम हवा अंगावर फेकत होता, आण्णांची टीव्हीवर चर्चा फुल आवाजात चालू होती, पोरीची परीक्षा, पोराचा मोबाईल, आणि खाली दहा पायऱ्या उतरलो तर असला गारवा, असली शांतता, की बरणी शोधता शोधता एका ट्रंकेवर टेकलो आणि डोळा लागला. पाऊण तासानं बायको बॅटरी घेऊन खाली आली. तिला वाटलं पडलो-बिडलो की काय. मी उठून पहिलं वाक्य काय बोललो असेन तर, "इथं एक सोफा बसतोय बघ."

"मी ह्यात एक रात्र झोपत न्हाई, आधीच सांगतो," बायको म्हणाली. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या कोल्हापुरात बायका 'सांगतो', 'येतो', 'जातो'च म्हणतात.)

एक इंजिनियर मित्र आहे, त्याला दाखवायला आणलं. त्यानं आत येतानाच तुळईला कपाळ आपटलं, त्यामुळं त्याचं मत सुरुवातीपासनंच जरा कलुषित होतं. म्हणाला, तळघराची उंची कमीत कमी 2.4 मीटर लागते, तुझी दोन मीटरसुद्धा भरत नाही, आणि मुळात तळघर हे सामान ठेवायला असतंय, राहायला नसतंय. मी म्हटलं, राहणार कोण आहे, मी नुसता बसणार. किती वेळ बसणार? म्हटलं, झोप येईपर्यंत. मग उंची वाढवायला जमीन दोन फूट खणूया का, असं विचारल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या घराचा पाया खणायला निघालोय. वाड्याचा पाया तेवढाच खोल असतो, खाली खणत गेलं की तो उघडा पडतो, आणि मग तुझं तळघरही राहत नाही आणि वरचं घरही, हे त्यानं मला आण्णांच्या देखत सांगितलं. आण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्या घरात हे फक्त निवडणुकीच्या निकालाला होतं.

तर खणणं रद्द. उंची तेवढीच, 6 फूट 5 इंच, आणि तुळईखाली 5 फूट 9. मी 5 फूट साडेआठ. अर्धा इंच हाताशी होता, तो पुढं चपलेनं खाल्ला.

मग सामान काढणं. ह्यात आठ दिवस गेले. आजीचा तांब्याचा बंब, तळ गेलेला पाळणा, तीन ट्रंका (एकीत फक्त दुसरीची कुलपं), थर्माकोलचं मखर, जे 2018 च्या बंदीनंतर टाकायचं कुठं म्हणून टाकलेलंच नाही, गल्लीतल्या तालमीच्या मांडवाचे बांबू, जे 'दोन दिवस ठेवतो' म्हणून ठेवले होते तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. भंगारवाल्याला बोलावलं. तो बिचारा काटा घेऊन दारात उभा आणि आतनं प्रत्येक वस्तूमागं एक माणूस धावत येतोय. बंब? आईच्या सासूबाईंचा. पाळणा? ह्यात तू वाढलास. कुलपं? लागतील. शेवटी भंगारवाल्यानं नेलं ते एक पत्र्याचं डबडं आणि माझी शाळेतली कंपासपेटी, जिच्यासाठी कोणी धावत आलं नाही. बाकी सगळं वरच्या माळ्यावर, आमच्या पलंगाखाली आणि फ्रिजवर गेलं.

मिस्त्री मामा आले. पायरीवर बसून तंबाखू मळत भिंतीकडं बघत राहिले. "सायब, आट दिवसाचं काम हाय." हे वाक्य ते पुढं तीन आठवडे रोज बोलले आणि रोज ते खरंच वाटायचं.

भिंती खालपर्यंत काळ्या दगडाच्या, वर वीट, आणि त्यावर जुना चुन्याचा गिलावा. हात लावला की पांढरं पीठ हाताला. ह्याला लोणा म्हणतात. मामांनी समजावून सांगितलं, आणि मी अनेक मास्तरांकडं शिकलोय पण एवढं चांगलं कोणी शिकवलं नाही. म्हणाले, "मिसळीच्या कटात ब्रेडच्या स्लाइसचं टोक बुडवून धरा. कट वर चडतोय का न्हाई? कुणी ढकलतंय का त्याला? तशी जमिनीतली ओल भिंतीत चडती. पाणी उडून जातंय आन त्यातलं मीट वर ऱ्हातंय, त्यो लोणा." मग म्हणाले, चुना हाय तवर बरं हाय, चुना ओल घेतो आन सोडतो. पायजे तर चुन्यानंच करू.

आता इथं गप्प बसायचं होतं. पण मी मोबाईलवर तीन रात्री जागून व्हिडिओ बघितले होते. मी म्हटलं, मामा, चुना जुना झाला, सगळा फोडा, सिमेंटचा गिलावा करा, त्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकल घाला, वर दोन हात तसला रंग. मामा म्हणाले, "तुमचं घर, तुमचा पैसा." कोल्हापुरात हे वाक्य ऐकलं की माणसानं जागच्या जागी थांबून विचार करावा. मी नाही केला.

गिलावा झाला. कोबा झाला. भिंती अशा गुळगुळीत आणि कोरड्या, की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावायला लावायचो. मामांनासुद्धा लावायला लावला. ते काही बोलले नाहीत, तंबाखू मळली.

सोफा. तीन सीटचा, लक्ष्मीपुरीतनं टेम्पोत घालून आणला, आणि जिन्याच्या तोंडाशी आल्यावर कळलं की जिना आजोबांनी बटाट्यांच्या मापानं केलाय. आडवा, उभा, तिरका, पाय काढून, दार काढून, सगळं झालं. गल्लीतली सहा पोरं, तालमीतली, दंडाच्या बेडक्या काढलेली, घाम गाळून परत गेली. शेवटी सुतार आला, त्यानं सोफ्याचा सांगाडा कापून तुकडे खाली नेले आणि खालीच परत जोडला. जाताना एवढंच म्हणाला, "दादा, आता ह्यो हितनं कवा निघायचा न्हाई बगा." मी हसून पैसे दिले. मला ते आशीर्वादासारखं वाटलं.

उजेडाचं सांगायचं राहिलं. तळघराला पश्चिमेकडं एक झरोका आहे, फूटभर बाय फूटभर, बाहेरनं गल्लीच्या जमिनीला टेकलेला. संध्याकाळी साधारण दहा मिनिटं त्यातनं ऊन आत येतं. आता अंबाबाईचा किरणोत्सव सगळ्यांना माहीत आहे, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखावर, आणि वाटेतल्या इमारतींचा अडथळा झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. तसा आमचा किरणोत्सव रोज. हिशोब करून सोफा अशा ठिकाणी ठेवला होता की संध्याकाळी ऊन बरोबर त्याच्यावर पडावं आणि मी तिथं चहाचा कप घेऊन बसलेला असावा. पण अडथळा इथंही. समोरचे तात्या त्यांची स्कूटर बरोबर झरोक्यासमोर लावतात. गेली वीस वर्षं लावतात. मी सांगून बघितलं. तात्या म्हणाले, "अरे, तिथं सावली असती." म्हटलं, ती सावली तुमच्या स्कूटरचीच आहे! तात्या विचारात पडले, पण स्कूटर तिथंच पडली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उद्घाटन. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, सगळे पाहुणे तुळईखालनं वाकून आले त्यामुळं आल्या आल्या सगळ्यांनी मला मुजरा केल्यासारखं झालं, ते मला आवडलं. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळं माणसं एकमेकांशी बोलली. मेहुणा म्हणाला, नाद खुळा. मी त्या रात्री सोफ्यावरच झोपलो. आयुष्यातली एक नंबर झोप.

मग पाऊस आला.

पहिली गोष्ट, भिंतींना घाम. ओल आतनं आलीच नव्हती हो, केमिकल आपलं काम करत होतं. पण ताकाचा गार तांब्या बाहेरनं कसा घामतो, तसं पावसाळी दमट हवा ह्या गार भिंतींना लागली की त्यावर थेंब धरायचे. आणि मी काय केलं, तर हवा खेळू दे म्हणून झरोका आणि दार दिवसभर उघडं ठेवलं, म्हणजे बाहेरची आणखी दमट हवा बोलावून आणून भिंतीवर बसवली. आईनं कोपऱ्यात कोळशाची टोपली ठेवली. बायकोनं डांबरगोळ्या टाकल्या. मी उदबत्ती लावली. तीन दिवसांत तळघराला असा वास यायला लागला की जणू एखाद्या जुन्या देवळात कोणीतरी स्वेटर वाळत घातलेत.

दुसरी गोष्ट जास्त अपमानाची. एका सकाळी आण्णांनी हाक मारली. वरच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या मागं, भिंतीला हातभर उंचीवर पोपडे आले होते. शंभर वर्षांत तिथं कधी ओल नव्हती. मामांना फोन केला. ते आले, बघितलं, आणि एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा आणि माझी शिक्षा. म्हणाले, "खाली तिची वाट बंद केलासा. ती काय मरती व्हय? वर गेली." म्हणजे खाली कोरडं आणि वर ओल. पलंगाखाली ट्रंका, फ्रिजवर मखर, टीव्हीमागं लोणा. आण्णा सगळीकडं नजर फिरवून शांतपणे म्हणाले, "तळघर वर आलं की रं."

आणि तिसरी गोष्ट, पाणी. आता मला सांगा, गांधी मैदान आमच्यापासनं हाकेच्या अंतरावर, आणि ते मैदान म्हणजे मूळचं वरुणतीर्थ, पाण्याचं तळं, बुजवून मैदान केलेलं. जोराचा पाऊस झाला की आजही तिथं तळं होतंय, हे पेठेतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मला माहीत नव्हतं का? 2019 च्या पुरात शहराचे पाणी उपसायचे पंप बुडाले, नळाला पाणी नाही, आम्ही टँकरमागं कळश्या घेऊन पळत होतो आणि आमच्या तळघरात गुडघाभर पाणी उभं होतं. हे मी स्वतः बघितलंय. पण चार उन्हाळे गेले की माणूस काय वाट्टेल ते विसरतो, आणि व्हिडिओत वरुणतीर्थ नव्हतं.

जुलैत एका रात्री कोबा आणि भिंत जिथं मिळतात तिथल्या फटीतनं पाणी यायला लागलं. धो धो नाही, अगदी संकोचून, पाहुणा आल्यासारखं. सकाळी पहिली पायरी पाण्यात. मोटार आणली, लावली, तासभर उपसलं, आणि लाईट गेली. कोल्हापूरच्या पावसात मोटारीची गरज आणि लाईट एका वेळी घरात राहत नाहीत. आणि सोफा? सोफा निघत नव्हता. त्याच्या पायाखाली विटा लावल्या. पाणी वाढलं तशा आणखी विटा. शेवटी सोफा एवढा उंच झाला की त्यावर बसलं की टाळू छताला टेकायचा आणि पाय लोंबकळायचे.

आता जुलै-ऑगस्टात कोल्हापूरकर एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'बंधारा किती?' विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा पातळी, 43 धोका पातळी. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले हे आमच्या आईला नातवंडांच्या मार्कांपेक्षा पक्कं पाठ असतं. त्या आठवड्यात पोरानं खडूनं तळघराच्या पायऱ्यांवर आकडे काढले आणि जाहीर केलं: इशारा पातळी तिसरी पायरी, धोका पातळी सोफा. गल्लीत पसरायला एक दिवस पुरला. किराणा दुकानात गेलो की, "सोफा किती?" इचलकरंजीच्या आत्यांचा फोन आला, आण्णांनी घेतला आणि म्हणाले, "बंधारा 41. सोफ्याला अजून चार बोटं हाईत."

सहाव्या दिवशी उघडीप मिळाली. संध्याकाळी ढग फाटले, ऊन पडलं, आणि उघडीप मिळाली की अर्धं गाव पंचगंगेवर पूर बघायला जातं तसे तात्याही गेले. स्कूटर घेऊन.

मी जिन्यात मोटारीची पाईप धरून उभा होतो. अचानक तळघर उजळलं. झरोक्यातनं ऊन आत आलं, पाण्यावर पडलं, आणि सगळं छत, ती तुळई, तो गुळगुळीत सिमेंटचा गिलावा, सगळ्यावर सोनेरी लाटा हलायला लागल्या. मी हाका मारल्या. बायको आली, पोरं आली, आई गुडघे धरत चार पायऱ्या उतरली, आण्णासुद्धा टीव्ही सोडून आले. किरणं आधी विटांवर आली. मग सोफ्याच्या पायांपर्यंत. मग हळूहळू सीटवर चढली. आईनं नकळत हात जोडले. कोणीच बोलत नव्हतं, किरणं पाठीच्या गादीपर्यंत पोचत आली होती, अजून फार तर वीतभर, आणि तेवढ्यात गल्लीत फटफट आवाज आला आणि अंधार झाला.

"नदी उतराय लागलीय रं!" तात्या स्कूटर स्टँडवर लावत झरोक्यातनं ओरडले. "सोफा किती?"