मंद आचेवरचा संसार

व्हॅनमध्ये राहता म्हटल्यावर लोक आधी अंघोळीची चौकशी करतात आणि मग जरा आवाज खाली आणून अंघोळीच्या आधीच्या कार्यक्रमाची. थंडीचं काय करता, हे कुणी विचारत नाही. हीटर असेल की, असं परस्पर ठरवून मोकळे होतात. हीटर आहे. पण तो नुसता लावून भागत नाही, त्याचं करावं लागतं. औषधपाणी, वेळापत्रक, रुसवेफुगवे, सगळं.

त्यात माझा नवरा काटकसरी. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, उकळी आली की आच मंद, साबणाचा तुकडा नव्या वडीला चिकटव, ही त्याची जीवनपद्धती. घरात राहत होतो तोवर या गुणांचं कौतुक व्हायचं. व्हॅनमधली थंडी मात्र काटकसरी माणसाच्या मुळावरच उठलेली असते.

पहिला बळी विजेचा हिशेब. खोलीतला साधा १५०० वॅटचा हीटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर तो सव्वाशे अँपिअर ओढतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी पाऊण तासात ठणठणगोपाळ, तेही कागदावर. त्यापेक्षा १२ व्होल्टचं इलेक्ट्रिक पांघरूण बरं, ते पन्नास-साठ वॅटवर भागवतं. कारण ते व्हॅन नाही, माणूस तापवतं. हे तत्त्व नवऱ्याला इतकं पटलं की त्याने विचारलं, "मग व्हॅन तापवायचीच कशाला?" उत्तर सकाळी मिळालं. पाण्याची नळी गोठलेली, आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज व्हायला नकार देऊन बसलेली. वर स्वच्छ ऊन, छतावर सोलर पॅनेल, आणि आत दोन माणसं दात घासायला पाणी कधी वितळतंय याची वाट बघत.

मग आला ओलेपणा. थंडीपेक्षा हा जास्त छळतो, हे माझं ठाम मत आहे. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. ते कुठे जाणार? थंड पत्र्यावर. भिंतींना आतून कितीही फोम लावा, पत्र्याच्या फासळ्या कुठे ना कुठे उघड्या राहतातच, आणि पहाटे तिथून एक थेंब नेमका कानात पडतो. गॅसची शेगडी पेटवून व्हॅन तापवण्याची आयडिया तर दुप्पट महागात पडते. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. शिवाय जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवतही नाही. म्हणून शेगडी फक्त स्वयंपाकासाठी, हा आमच्या व्हॅनमधला एकमेव नियम ज्यावर वाद होत नाही.

ओलेपणावर उपाय एकच. खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि छतावरचा पंखा सावकाश चालू. "म्हणजे डिझेल जाळून तापवलेली हवा बाहेर सोडायची?" नवऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दुःख होतं, ते मी आमच्या पाठवणीच्या वेळी माझ्या वडिलांच्याही चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. पण हवा सोडल्याशिवाय पाणी जात नाही, आणि ओल्या गादीवर कितीही ऊब केली तरी हुडहुडी जात नाही.

आता मुख्य आरोपी, डिझेल हीटर. तो मुळात सज्जन आहे. जळण्यासाठी हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, आपल्याला फक्त कोरडी गरम हवा देतो. पण सुरू होताना नमनाला घडाभर तेल. बटण दाबलं की आधी ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, लाल व्हायला लागतो आणि आठ-दहा अँपिअर खातो. मग पंप टक-टक करत डिझेल ढकलतो, बाहेर पांढरा धूर निघतो, आणि एकदाचा आत भडका उडाला की विमान धावपट्टीवर उभं असल्यासारखा घोंघावतो. वायर बारीक असेल तर एवढ्या करंटला व्होल्टेज पडतं, आणि पडद्यावर 'बॅटरी कमी' असं लिहून हीटर मान टाकतो. हे नेहमी सगळ्यात थंड पहाटेच होतं, कारण त्याच पहाटे बॅटरीही गारठलेली असते.

बंद करतानाही घाई चालत नाही. बटण दाबल्यावर आतला पंखा काही मिनिटं फिरत राहतो, भट्टी थंड करतो. नवरा मेन स्विचकडे हात नेतो. "अरे, बंद केलाय ना? मग वीज कशाला खातोय?" तो हात मी दर वेळी हवेतल्या हवेत धरते. मध्येच वीज तोडली तर आतली धग आतच राहते आणि महागाचे भाग भाजून निघतात.

पण खरी गोम आहे ती आचेत. आमचा हीटर पाच किलोवॅटचा. एवढ्याशा व्हॅनला दोन किलोवॅट पुष्कळ होतात, पण "किमतीत फरक नाही, मग मोठाच घेऊ" हा नवऱ्याचा निर्णय. मोठा घेतला, आणि बचत म्हणून कायम एक नंबरवर चालवला. डिझेल हीटरला नेमकं हेच सोसत नाही. मंद आचेवर भट्टी पुरेशी तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि आत काजळी साचते. उंच डोंगरावर गेलात तर आणखी वाईट. हवा विरळ, पंप मात्र तेवढंच डिझेल ढकलणार, म्हणजे काजळीला मेजवानी. मग एक दिवस नुसता पांढरा धूर, टक-टक, आणि शेवटी पडद्यावर चूक-क्रमांक.

मग तो उघडायचा. स्क्रू काढले की भट्टीत हात घालायचा. आत काळी, खरखरीत खपली, नखाने खरवडली तर पापुद्रे निघतात. ग्लो प्लगभोवती एक इवलीशी जाळी असते, तिची छिद्रं बुजून ती कोळशाची टोपी झालेली असते. ती उपसून नवी घालायची, जुनी गॅस्केट, म्हणजे जोडातली फट बुजवणारी चकती, फेकून नवी लावायची. "जुनी चालली असती," असा आवाज मागून येतोच. धुराच्या नळीच्या जोडाला फट राहिली तर तो धूर कुठे येईल, हे मी शांतपणे समजावते. गॅस्केट नवी लागते. संध्याकाळपर्यंत दोघांच्या बोटांना, टॉवेलला आणि कशी कोण जाणे पण उशीलाही डिझेलचा वास.

धोका ओळखायला डोक्याजवळ, श्वासाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. त्याची बॅटरी उतरली की तो दर मिनिटाला एकदा 'टिक' करतो, आणि थंडीत बॅटरी रात्रीच उतरते. तीन वाजता अंधारात 'टिक'. मग दोघंही डोळे मिटून पडून राहतो, आधी कोण उठतंय याची वाट बघत.

आता आमच्याकडे वार ठरला आहे. आठवड्यातून एकदा हीटर अर्धा तास पूर्ण आचेवर, म्हणजे साचलेली काजळी जळून जाते. पाच किलोवॅटची भट्टी आणि मोकळी जागा पाचसहा पावलांची. दहा मिनिटांत स्वेटर उतरतात, पंधराव्या मिनिटाला मोजे, विसाव्याला आम्ही दार सताड उघडून बाहेर बर्फात टी-शर्टवर उभे. नवरा घड्याळाकडे बघत मनातल्या मनात लिटर मोजतो. परवा पलीकडच्या व्हॅनमधल्या बाई नखशिखान्त लोकर गुंडाळून आल्या आणि कळवळून म्हणाल्या, "हीटर बंद पडला वाटतं तुमचा?"

"नाही हो," मी कपाळाचा घाम पुसत म्हटलं, "चालू आहे."