पावती संघटनेची, मत ज्याचं त्याचं

निवडणूक आली की एक मेसेज हमखास फिरतो: कामगार-कर्मचारी संघटना ठरवतील तेच सरकार येतं, नेत्याने सांगितलं की लाखो मतं गठ्ठ्याने एका बाजूला पडतात, जुन्या पेन्शनच्या (निवृत्तीनंतर ठरलेली रक्कम देणाऱ्या योजनेच्या) मागणीने हिमाचलात सरकार पाडलं, पोस्टल मतांतही तेच दिसतं, आणि हा सगळा खेळ सभासदांच्या वर्गणीवर चालतो. हा समज नुसता चुकीचा नाही, घातकही आहे. त्यामुळे रास्त मागणी घेऊन दारात आलेल्या कामगारालाही पुढारी मतांचा दलाल समजतात.

आधी गठ्ठा मतांचं बघू. गठ्ठा कुठे असायलाच हवा होता, तर मुंबईच्या गिरणगावात. परळ हा लाल बावट्याचा बालेकिल्ला. तिथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून 1970 मध्ये खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या, तरी निवडून आले शिवसेनेचे वामनराव महाडिक. गिरणीच्या गेटवर संघटना होती. चाळीत मात्र गाववाले, मंडळ आणि शिवसेनेची शाखा होती. पगाराच्या प्रश्नावर एका झेंड्याखाली उभा राहणारा माणूस मतदानाला दुसऱ्या झेंड्यामागे जाऊ शकतो, हे तेव्हाच दिसलं.

पुढचा दाखला त्याहून बोलका आहे. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरण्यांतली मान्यताप्राप्त संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले ते मात्र दुसरे कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे. म्हणजे वर्गणीची पावती एकाची, पाठिंबा दुसऱ्याला. 1984 च्या काँग्रेस लाटेतही सामंत मुंबई दक्षिण-मध्यमधून लोकसभेवर गेले. ही ताकद खरीच होती. पण काही महिन्यांतच, 1985 च्या विधानसभेत, काँग्रेसने 288 पैकी 161 जागा घेतल्या, आणि 1989 मध्ये सामंतांच्या त्याच मतदारसंघातून शिवसेनेचे तेच वामनराव महाडिक लोकसभेत पोचले. नेत्याच्या शब्दावर मतं पडत असती तर पाच वर्षांत हे घडलं नसतं.

आता साधा हिशेब. मार्च 2023 च्या जुन्या पेन्शनच्या संपात सुमारे 17 लाख सरकारी-निमसरकारी कर्मचारी होते. 288 मतदारसंघांत ते सारखे वाटले तर प्रत्येकी सुमारे 5,900 होतात. 2024 च्या यादीत राज्यात सुमारे 9.7 कोटी मतदार, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी 3 लाख 37 हजार. कर्मचारी दोन टक्केसुद्धा भरत नाहीत. घरटी तीन मतं धरली तर पाच टक्क्यांच्या आसपास जातं. चुरशीच्या जागी ही मतं निकाल फिरवू शकतात, पण त्यासाठी ती सगळी एकीकडे पडायला हवीत. घरातली तीन माणसं तरी एका बटणावर येतात का?

हिमाचलात डिसेंबर 2022 ला काँग्रेस आणि भाजपच्या मतांत एक टक्क्याहूनही कमी फरक होता. तिथे पेन्शनचा मुद्दा वजनदार ठरला, हे मान्य. पण राजस्थान आणि छत्तीसगडने 2022 मध्येच जुनी पेन्शन परत आणली होती, आणि डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सरकारं निवडणुकीत हरली. मेसेजमध्ये फक्त हिमाचल असतं.

पोस्टल मतं म्हणजे संघटनेचा कौल, हेही खरं नाही. त्या पेटीत निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी, पोलीस, सैनिक आणि 2024 मध्ये घरून मतदान करणारे 85 वर्षांपुढचे व दिव्यांग मतदार, अशी सगळी सरमिसळ असते. शिवाय मतपत्रिकेसोबतच्या घोषणापत्रावर मतदाराची सही किंवा अधिकाऱ्याचं साक्षांकन नसेल, वा त्यावरचा क्रमांक मतपत्रिकेशी जुळला नाही, तर मताचं पाकीट न उघडताच ते बाद होतं.

वर्गणीचा आरोप दोन वाक्यांत संपतो. 1926 च्या कामगार संघटना कायद्याने राजकीय खर्चासाठी वेगळा निधी ठेवायला लावला आणि त्यात पैसे देणं ऐच्छिक केलं. न देणाऱ्याला सभासदत्वाचे फायदे नाकारता येत नाहीत.

मग संघटनांचा वचक कुठेच नाही? आहे, आणि तो विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात बघावा. परिषदेच्या 78 पैकी 7 जागा शिक्षकांच्या. तिथे यादी लहान आणि मतदार सगळे एका पेशातले. नागपुरात फेब्रुवारी 2023 मध्ये विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले जिंकले. त्यांनी हरवलं शिक्षक परिषदेच्या नागो गाणार यांना. म्हणजे लढत दोन संघटनांतच होती. पण तिथेही गादी कायमची नाही. मुंबईत 2006 पासून तीनदा जिंकलेल्या शिक्षक भारतीकडून 2024 मध्ये ती जागा शिवसेना ठाकरे गटाच्या ज. मो. अभ्यंकर यांनी घेतली.

या जागांवर संघटनेचं खरं काम भाषणात नसतं, नोंदणीत असतं. यादी दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. 1 नोव्हेंबर ही अर्हता तारीख, म्हणजे पात्रता मोजायची तारीख. त्याआधीच्या सहा वर्षांत माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत एकूण तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. नमुना 19 चा अर्ज आणि सोबत संस्थाप्रमुखाचा दाखला द्यायचा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या संघटना कितीही मोठ्या असल्या तरी त्यांच्या सभासदांना इथे मतच नाही.

आणि मत देताना शिकल्यासवरलेल्यांचीही चूक होते. केंद्रात मिळालेल्या जांभळ्या स्केच पेननेच नावापुढे 1 आकडा लिहायचा. 2, 3 लिहिणं ऐच्छिक. बरोबरची खूण केली, 'एक' असं अक्षरात लिहिलं, दोन नावांपुढे 1 टाकला किंवा खिशातलं पेन वापरलं, की मत बाद. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त लागतं. पहिल्या पसंतीत ते कुणालाच मिळालं नाही तर तळाच्या उमेदवाराच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. म्हणून जाणते कार्यकर्ते गठ्ठ्याच्या गोष्टी करत नाहीत. ते विरोधी संघटनेच्या शिक्षकाकडेही जातात आणि दुसरी पसंती मागतात.