सवय शरीराला लागत नाही, बदलतो तो जंतू

"अँटीबायोटिकची शरीराला सवय झाली की गोळी चालत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यात भारी गोळी घ्या, बरं वाटलं की बंद करा. हळदीच्या पाण्यानं जंतूची भिंत फुटते. नवीन औषधं कंपन्या दाबून ठेवतात." असा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर सारखा फिरतोय. टायफॉइड किंवा लघवीच्या इन्फेक्शनचा विषय निघाला की कुणीतरी तो टाकतंच. टाकणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण मी लॅबमध्ये काम करतो, आणि हा सल्ला ऐकून लोकांचा आजार लांबताना बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सवयीचं. शरीराला कसलीही सवय लागत नाही, बदलतो तो जंतू. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये सापडणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएला, टायफॉइडचा साल्मोनेला हे सगळे ग्रॅम-निगेटिव्ह गटातले जंतू. त्यांना एक सोडून दोन पडदे असतात, आणि बाहेरच्या पडद्याचा वरचा थर लिपोपॉलिसॅकराइडचा, म्हणजे चरबी आणि साखर जोडून झालेल्या रेणूंचा असतो. तो थर किती चिवट आहे ते आमच्याकडे रोज दिसतं. जंतू वाढवायला आम्ही मॅकॉन्की आगर नावाच्या जेलीची प्लेट वापरतो, तिच्यात पित्तातले क्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट हा रंग घातलेला असतो. त्यावर ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे हा बाहेरचा पडदा नसलेले जंतू सहसा वाढतच नाहीत. ई. कोलायच्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या गुलाबी कॉलन्या, म्हणजे जंतूंचे ठिपके, उठलेल्या असतात, क्लेबसिएलाच्या बुळबुळीत. आपल्या आतड्यात पित्तात राहणाऱ्या जंतूला हा पडदाच वाचवतो.

पण एवढं बंद करून घेतलं तर जंतूला अन्न कुठून मिळणार? त्यासाठी बाहेरच्या पडद्यात पोरिन नावाची प्रथिनं असतात. ई. कोलायमध्ये ओम्पएफ आणि ओम्पसी ही त्यातली मुख्य. प्रथिनाच्या १६ पट्ट्या गोल वळून एक नळी होते, अशा तीन नळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि त्यांतून पाणी, साखर, क्षार आत जातात. चाळणीसारखं हे काम चालतं: साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), पाण्यात विरघळणारे रेणू आत, त्याहून मोठे बाहेर. अमॉक्सिसिलिन ३६५ डाल्टनचं आहे, ते या वाटेनं शिरतं.

आता कोट्यवधी जंतूंत एखाद्याचं पोरिन बिघडलेलं किंवा कमी झालेलं असतं. एरवी तो मागे पडतो, कारण त्याला अन्नही कमी मिळतं. औषध सुरू झालं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि वाढतो. त्यातच दोन पडद्यांच्या मधे औषध तोडणारं एन्झाइम असेल तर गोष्ट आणखी अवघड होते. औषध थेंबाथेंबानं आत येतं आणि आलेला थेंब तिथेच तुटतो. क्लेबसिएलामध्ये दोन मुख्य पोरिन गेली आणि असं एन्झाइम सोबत असलं, तर कार्बापेनेमसारखी हॉस्पिटलमधली इंजेक्शनंही निकामी होऊ शकतात. शिवाय टोलसी हे बाहेरच्या पडद्यातलंच प्रथिन एका पंपाला जोडलेलं असतं, ते आत आलेलं औषध बाहेर फेकतं. यातला कुठलाही बदल रोग्याच्या शरीराचा नसतो, जंतूचा असतो. म्हणूनच जन्मात एकही अँटीबायोटिक न घेतलेल्या माणसालाही न जुमानणारा जंतू लागू शकतो, कारण तो दुसऱ्या कुणाकडून आधीच बदलून आलेला असतो.

"भारीतली द्या की," असं मेडिकलच्या काउंटरवर सर्रास ऐकू येतं. औषधांची हलकं-भारी अशी शिडी नसते. व्हँकोमायसिन हे नाव ऐकूनच लोकांना भारी वाटतं, आणि काही ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर ते खरंच मोलाचं आहे. पण त्याचा रेणू सुमारे १,४५० डाल्टनचा. ई. कोलायच्या पोरिनमधून तो जातच नाही, डोस कितीही वाढवा. "सहाशे पंचवीस" म्हणून मागतात ती गोळी म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. हे दुसरं औषध जंतूचं एन्झाइम अडवण्यासाठी आहे. तो आकडा ताकदीचा नाही.

बरं वाटलं की बंद करण्याबद्दल थोडक्यात: किती दिवस घ्यायचं हे आजारावर अवलंबून असतं, काही आजारांत कमी दिवसही पुरतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं. उरलेली पाकिटं शेजाऱ्याला देऊ नका.

हळदीचं पाणी प्यायला हरकत नाही. पण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फार थोडं जातं आणि पोरिनची वाट तसल्या रेणूंसाठी नाही. बाहेरचा पडदा खरोखर फोडणारं औषध आहे: कोलिस्टिन. ते मूत्रपिंडाला इजा करू शकतं म्हणून डॉक्टर अगदी शेवटी काढतात. कोंबड्या-जनावरांसाठी त्याच्या वापरावर आपल्या सरकारनं २०१९ मध्ये बंदी घातली, ती ते माणसांसाठी टिकावं म्हणूनच.

राहिलं दाबून ठेवण्याचं. या क्षेत्रात कंपन्यांना नफा कमी दिसतो, हे खरं. पण मुख्य अडचण हा पडदाच आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालेलं सेफिडेरोकॉल हे अँटीबायोटिक स्वतःला लोह चिकटवून घेतं, आणि लोह आत ओढणारी जंतूची प्रथिनं त्यालाही आत ओढतात. त्याच वर्षी डॅरोबॅक्टिन या नव्या अँटीबायोटिकचा शोध जाहीर झाला. बाहेरच्या पडद्यात प्रथिनं बसवणाऱ्या बॅमए या प्रथिनालाच ते अडवतं. त्यावर काम अजून चालू आहे.

लघवीत जळजळ, सोबत थंडी-ताप असेल तर डॉक्टरांना कल्चरबद्दल (नमुन्यातला जंतू प्लेटवर वाढवून बघायची तपासणी) विचारा आणि शक्यतो पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. एक-दोन डोस पोटात गेल्यावर प्लेटवर बऱ्याचदा काहीच उगवत नाही, आणि कोणतं औषध चालेल ते सांगायला आमच्या हातात काही उरत नाही.