थांबा

आमच्या गावचा रस्ता कणकवली आणि कुडाळच्या मधे कुठेतरी मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. ‘कुठेतरी’ मुद्दाम म्हणतोय. नक्की तिठा कळला तर लोक मला बघायला येतील.

तिठ्यावर अष्टकोनी लाल पाटी आहे, ‘थांबा’. तिच्याखाली दोन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन एसटीची वाट बघत बसतात. पाटीचं ऐकणाऱ्या त्या दोघी, आणि तिसरा मी.

मला उजवीकडे, ओरोसला वळायचं असतं. म्हणजे आधी गोव्याहून येणाऱ्यांना चुकवायचं, मग दुभाजकाच्या फटीत गाडीचं शेपूट बाहेर ठेवून मुंबईहून येणाऱ्यांना. लांबून एकच दिवा दिसतो. ती मोटरसायकल असते किंवा एक दिवा गेलेला डंपर. डावा इंडिकेटर दाखवणारी बोलेरो आत वळेल म्हणून निघावं, तर तो इंडिकेटर बांद्यापासून तसाच चालू असतो. मी थोडं नाक पुढे काढलं की डाव्या अंगाला एक रिक्षा येऊन चिकटते. मी निघालो की ती निघणार, माझ्या आडोशाने. डंपरने उडवलंच तर आधी मला.

“अवो, जावा आता!” बायको म्हणते. “एवड्या येळात माजी आवस चलत गेली असती.”

सासूबाईंचे गुडघे गेलेत, हे इथे सांगायला हवं.

गेल्या मे महिन्यात भाचा आला. ट्रान्सपोर्टेशनमध्ये एम.टेक. करतो. तिठ्यावरच्या हॉटेलच्या गच्चीवर त्याने दोन दिवस कॅमेरा लावला. दोन गाड्यांमधल्या किती सेकंदांच्या फटीत माणूस घुसतो आणि कितीची सोडतो, ते मोजायचं. घुसणं आणि सोडणं यांच्या सीमेवरची फट म्हणजे ‘क्रिटिकल गॅप’. अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलमध्ये अशा वळणासाठी ती सात ते साडेसात सेकंद धरलेली आहे. ताशी ८० ने येणारी गाडी तेवढ्यात दीडशे मीटरहून जास्त कापते. मी हिशोब ऐकला आणि सुखावलो. माझी भीती अमेरिकेत छापून आली होती!

“पण मामा, तिथे मुख्य रस्त्यावरचा ब्रेक मारणार नाही असं धरलेलं असतं. आपल्याकडे बाईकवाला दोन-तीन सेकंदांत नाक घालतो आणि समोरचाच ब्रेक मारतो. फट शोधायची नसते, पाडायची असते.”

रात्री लॅपटॉपवर तो बराच वेळ गप्प होता.

“मामा, तुमची गाडी काढून टाकावी लागली.”

“कुठून?”

“डेट्यातून. क्रिटिकल गॅप काढायची मॅक्झिमम लाइकलीहूड नावाची पद्धत आहे. तिच्यात माणसाने सोडलेली सगळ्यात मोठी फट ही घेतलेल्या फटीपेक्षा लहान असावी लागते. तुम्ही चौदा सेकंदांची सोडलीत, आणि पाचाच्या फटीत घुसलात.”

आता खरं सांगायचं तर चौदाच्या वेळी मी नीट विचार करत होतो, आणि पाचाच्या वेळी मागच्या टेम्पोने हॉर्नवर हात ठेवला होता, शिवाय सासूबाईंचा विषय निघाला होता. वाट बघून कंटाळलेला माणूस आखूड फट घेतो, हे भाच्याच्याच पुस्तकात आहे. पण कोण ऐकतं?

“अशा ड्रायव्हरला इनकन्सिस्टंट म्हणतात,” तो म्हणाला.

“ह्या सांगूक कॅमेरो कित्याक लावलस?” स्वयंपाकघरातून आवाज आला. “माका इचारूचा होता.”

दुसऱ्या दिवशी मी जिद्दीने तिठ्यावर गेलो. गच्चीवर भाचा. सोळा फटी सोडल्या. तेवढ्यात मागून एसटी आली, माझ्या उजव्या अंगाने पुढे झाली आणि कुठेही न बघता अख्खी आडवी गेली. महामार्ग थांबला. डंपर, बोलेरो, सगळे. मी तिच्या डाव्या बाजूला चिकटलो आणि तिच्यासोबत पार झालो. माझ्या डावीकडे रिक्षा होतीच.

संध्याकाळी भाच्याने विचारलं, “मामा, ही फट तुम्ही घेतली म्हणू की नाही? रकान्यात काय भरू?”

“भर,” मी म्हटलं, “प्रवास एसटीने.”