घामाला फुकटचं श्रेय

परवा स्टीम कॅबिनेटमध्ये बसलो होतो. मुंडकं तेवढं बाहेर, बाकी देह पेटीत. वीस मिनिटांनी काट्यावर उभा राहिलो तर चारशे ग्रॅम कमी. तिथल्या ताई म्हणाल्या, "बघा सर, सगळे टॉक्सिन्स गेले." घरी येऊन दोन ग्लास पाणी प्यायलो, टॉक्सिन्स परत आले.

हसू नका. वैद्यकानं शेकडो वर्षं याच हिशेबावर माणसं घामाघूम केली आहेत.

सोळाव्या शतकात युरोपात सिफिलिस या गुप्तरोगाच्या रोग्याला अशाच पेटीत किंवा तंबूत बसवायचे आणि खाली निखाऱ्यांवर हिंगूळ टाकायचे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज. त्या धुरात माणूस घामानं निथळायचा, तोंडातून लाळेच्या धारा लागायच्या, दात हलायला लागायचे. ही सरळसरळ पाऱ्याची विषबाधा. पण वैद्य खूश, कारण रोग बाहेर पडताना 'दिसतोय' ना! उलरिश फॉन हुटेन हा जर्मन लेखक पाऱ्याच्या उपचारांना कंटाळून ग्वायाकम लाकडाच्या काढ्याकडे वळला. बंद गरम खोली, उपास, पांघरुणं आणि घाम. आपण बरे झालो म्हणून 1519 मध्ये त्यानं पुस्तकच लिहिलं. 1523 मध्ये त्याच आजारानं गेला, वय 35.

घामावाटे रोग जातो ही समजूत आली कुठून? माझ्या मते तापातून. ताप उतरताना दरदरून घाम फुटतो, हे कुणीही पाहिलेलं असतं. पण मेंदूनं तापाची पातळी खाली आणली की अंग गार करायला शरीर घाम काढतं. उतार आधी पडतो, घाम मागून येतो. कोंबडं आरवलं म्हणून सूर्य उगवला असं समजून मध्यरात्री कोंबड्याला डिवचत बसायचं, त्यातला हा प्रकार. देवीच्या रोग्यांना खिडक्या बंद करून, शेकोटी पेटवून, घोंगड्यांत गुंडाळायचे. सतराव्या शतकात थॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरनं पांघरुणं कमी करा, गार हवा येऊ द्या म्हटलं, तर तोच विक्षिप्त ठरला.

सगळ्यांनाच मूर्ख म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात मूत्रपिंडं निकामी झालेल्यांना गरम हवेत ठेवून, पिलोकार्पिन हे घाम आणणारं औषध टोचून घाम काढायचे. किडनीचं काम कातडीकडून करून घेऊ, हा विचार अगदीच वेडा नव्हता. घामात थोडा युरिया असतोच. पण थोडाच. 1943 मध्ये विलेम कोल्फ या डच डॉक्टरनं सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या गुंडाळून डायलिसिसचं यंत्र बनवलं, आणि त्यावर पहिला रुग्ण वाचायला 1945 उजाडलं. इतकं अवघड काम घामाच्या धारांवर सोपवलं होतं!

एका ठिकाणी मात्र मला मान तुकवावी लागते. 1930च्या दशकात अमेरिकेत मेंदूत पोचलेल्या सिफिलिससाठी माणसाला गरम पेटीत घालून अंगाचा ताप तासन् तास 41 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे. काहींना खरंच फरक पडायचा. पण तिथंही काम उष्णतेचं. जंतूंना ती सोसत नाही. नंतर पेनिसिलिन आलं आणि पेट्या अडगळीत गेल्या.

ताईंना यातलं काही सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारची वेळ मात्र घेऊन ठेवली आहे. अंग मोकळं होतं हो, खोटं कशाला बोलू.