थ्री नॉट थ्रीची पुंगळी तुटते, तेव्हा दोष कुणाचा?

जुन्या ली-एनफील्ड रायफली बाळगणाऱ्या ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील नेमबाजांमध्ये एक दावा वारंवार फिरतो. .303 (थ्री नॉट थ्री) काडतुसाची पितळी पुंगळी नवी दारू-गोळी भरून दोन-तीनदा वापरल्यावर बुडाजवळ आडवी तुटली, तर रायफलीचा हेडस्पेस (पुंगळीच्या बुडासाठीची जागा) वाढला आहे असे समजावे, लांब बोल्टहेड (नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टचे सुटे टोक) बसवावे आणि दर वेळी पुंगळी डायमधून (आकार देणाऱ्या साच्यातून) काढून थेट कारखान्याच्या मापावर आणावी, असे त्यात सांगितले जाते. यातले निदान अर्धवट आहे आणि शेवटचा उपाय तर दुखणे वाढवणारा आहे.

आधी निदानाचे पाहू. या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ती कड चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, तोंडाशी अडते. कड जिथे टेकते तिथपासून बोल्टहेडपर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस; लष्करी मर्यादेनुसार ते 0.064 ते 0.074 इंच असते. हे माप रायफलीचे झाले. कडेची जाडी मात्र पुंगळीगणिक बदलते. समजा रायफल 0.067 इंचांची, म्हणजे मर्यादेत अगदी चोख आहे आणि कड 0.058 इंचांची आहे, तर बुडामागे 0.009 इंचांची फट उरतेच. बार उडताना बुडावर आदळणाऱ्या पिनेच्या धक्क्याने पुंगळी पुढे सरकते, दाब वाढताच तिची पुढची पातळ भिंत चेंबरला घट्ट चिकटते आणि जाड बूड मागे रेटले जाऊन बोल्टवर आदळते. ही सगळी ओढाताण बुडाच्या जरा पुढच्या भागाला सोसावी लागते. त्यातून ली पद्धतीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकत असल्यामुळे दाबाखाली तो किंचित लवतो, म्हणजे ताणात आणखी भर. कोऱ्या पुंगळीच्या कडेपुढे पातळ रबरी रिंग चढवून पहिला बार काढला, तर पिनेच्या धक्क्याने पुंगळी पुढे जात नाही आणि हा ताण बराचसा टळतो. रायफल तीच, हेडस्पेसही तोच. मग दोष एकट्या रायफलीचा कसा?

बोल्टहेडबद्दल थोडक्यात : ली-एनफील्डच्या नंबर 4 रायफलीसाठी 0 ते 3 अशा क्रमांकांची, लांबीत किंचित वाढत जाणारी बोल्टहेडे होती. 0.074 इंचांच्या गेजवर (मापाच्या ठोकळ्यावर) बोल्ट बंद होत असेल, तर रायफल जाणकार कारागिराकडेच न्यावी. एरवी लांब बोल्टहेडने फट थोडी कमी होते हे खरे, पण पुंगळीच्या खांद्यापुढची (जिथे ती मानेकडे निमुळती होते तिथली) मोकळी जागा तशीच राहते.

ही मोकळी जागा म्हणजे ढिसाळ कारागिरी, असेही दाव्यात सुचवलेले असते. 1915 साली बेल्जियममधील ईप्रच्या लढाईत कॅनडाच्या सैनिकांच्या रॉस रायफली ब्रिटिश काडतुसांनी अडकत होत्या, कारण त्यांचे चेंबर तंग होते; पुढच्या वर्षापर्यंत कॅनडाच्या सैन्याच्या हाती ली-एनफील्ड आल्या. चिखलातही काडतूस आत गेलेच पाहिजे, ही सैन्याची गरज होती, म्हणून ली-एनफील्डचे चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेले असे. आपल्या पोलिसांनी हीच रायफल अनेक दशके वापरली, पण तिथेही पुंगळी एकदाच उडवायची असल्याने तिच्या आयुष्याचा विचार कुणी करण्याचे कारण नव्हते.

आता पूर्ण रीसाइझिंग, म्हणजे पुंगळी डायमधून काढून कारखान्याच्या मापावर आणणे. पहिल्या बारात पुंगळीचा खांदा पुढे फुगून त्या चेंबरच्या आकाराचा होतो. तो तसाच ठेवून फक्त मान आवळली, तर पुढच्या वेळी पुंगळी खांद्यावर टेकते, बूड बोल्टजवळ राहते आणि फट जवळपास नाहीशी होते. डाय पूर्ण खाली आणून खांदा मागे ढकलला की ही कमाई पुसली जाते. पुढचा बार पुन्हा तेवढेच ताणतो आणि भिंत पुन्हा तिथेच पातळ होते. काही फेऱ्यांनंतर बोल्ट जड जाऊ लागला, तर डाय थोडी-थोडी खाली घेऊन बोल्ट सहज बंद होईल इतकाच खांदा मागे घ्यावा. अशा पुंगळ्या त्याच रायफलीपुरत्या. दुसऱ्या रायफलीत त्या बसतीलच असे नाही, म्हणून त्यांचे डबे वेगळे ठेवावेत.

तपासणी सोपी आहे. तारेचे टोक काटकोनात वाकवून पुंगळीच्या आत बुडापासून वर ओढत आणावे. खाच लागली, की बाहेरून बुडाजवळ चकाकता पट्टा दिसो वा न दिसो, ती पुंगळी भंगारात टाकावी.