आत्याचे अकरा जण आणि दादाभाईंचं 'विष'

सकाळी सकाळी दांडिया बाजारातून आत्याचा फोन. "अरे, आपल्या मल्हाररावांना त्या दादाभाईनेच अडकवलं म्हणे! तुला माहीत होतं?" व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर, खाली 'प्रत्येक बडोदेकरापर्यंत पोचवा'. आत्याने अकरा जणांना पोचवलासुद्धा.

मजकूर म्हणतो: १८७४ साली बडोद्याचे दिवाण असताना दादाभाई नौरोजींनी रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, कर्नल फेअरवर विषप्रयोग करवला, आळ महाराज मल्हारराव गायकवाडांवर ढकलला आणि बक्षीस म्हणून इंग्रजांनी त्यांना पार्लमेंटात बसवलं. शिवाय पैसा अफूचा, शपथ बायबलवर, आणि पहिले हिंदी खासदारही ते नव्हेतच.

आधी विषाचं बघू. २ नोव्हेंबर १८७४ ला महाराजांचा खलिता, म्हणजे राजपत्र, व्हाइसरॉयकडे गेला: फेअरला इथून हलवा. सरबतातल्या सोमल विषाचा प्रकार ९ नोव्हेंबरचा. पुढे फेअरला हलवलंही. जो माणूस रीतसर अर्जाने जाणार, त्याच्या पेल्यात आठवड्याभरात विष कालवून स्वतःचाच अर्ज कोण बुडवेल? फेअर तर दादाभाईंच्या नेमणुकीपासूनच त्यांच्यावर खार खाऊन होता. जानेवारी १८७५ मध्ये दादाभाई राजीनामा देऊन मोकळे झाले. चौकशी मंडळातल्या शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांनी मल्हाररावांना दोषी धरलं नाही. तरी एप्रिलमध्ये गादी गेली, आणि सरकारने कारण दाखवलं गैरकारभाराचं.

आता 'बक्षीस'. १८८६ ला निवडणुकीत पडले. १८८८ ला खुद्द पंतप्रधान सॅलिसबरीने जाहीर सभेत त्यांना 'काळा माणूस' म्हटलं. १८९२ ला लंडनच्या फिन्सबरीतून निवडून आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी, आणि १८९५ ला पुन्हा पडले. असलं बक्षीस वैऱ्यालाही नको!

अफूचं अर्धं खरं आहे, नाही म्हणत नाही. १८५५ ला ज्या कामा पेढीचे भागीदार होऊन ते लंडनला गेले, ती अफू-दारूतही होती. त्याच कारणावरून ते बाहेर पडले आणि १८५९ ला कापसाची स्वतःची पेढी काढली. मजकुरात पहिलं वाक्य आहे, दुसरं गाळलंय.

बायबल? शपथ खोर्दे अवेस्तावर, पारशांच्या प्रार्थनाग्रंथावर, घेतली. झालं.

'पहिले नव्हेत' यावर वाद घालता येईल. सरधन्याच्या राज्यकर्त्या बेगम समरूच्या घरात वाढलेला, मिश्र वंशाचा डाइस सोंब्रे १८४१ ला इंग्लंडातल्या सडबरीतून निवडून आला होता. लाचखोरीवरून ती निवडणूक रद्द झाली. पैसे चारून झालेला खासदारच हवा असेल, तर हा घ्या.

आत्याला सगळं सांगितलं. "बरं," ती म्हणाली, "मग त्या अकरा जणांना आता तूच कळव." नंबर पाठवलेत.